अंगात जॅकेट आहे, तरी रात्री माणूस दिसत नाही: क्रूच्या ‘रेडियम’ जॅकेटची तपासणी

“ताई, जॅकेटं बदला, रेडियम गेलंय.”

गणपतीच्या तोंडावर हे वाक्य एकदा कानावर येतं आणि थंडीत, कॉन्सर्ट-मॅरेथॉनच्या मोसमात, पुन्हा. मी मुंबईत इव्हेंटच्या क्रूचं सामान सांभाळते: हेल्मेट, हातमोजे, वॉकीटॉकी आणि ही पिवळी-नारिंगी जॅकेटं. सुरुवातीला तक्रार आली की मी निमूट नागदेवी स्ट्रीट गाठायचे आणि नवा गठ्ठा आणायचे. काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा हजर. शेवटी एकदा वैतागून परत आलेली सगळी जॅकेटं गोडाऊनमध्ये दोरीवर टांगली, दिवे घालवले आणि टॉर्च मारला. अर्ध्याहून जास्त जॅकेटं लख्ख चमकली. मग साइटवर ती का दिसत नव्हती?

तेव्हापासून मी एका क्रमाने तपासते. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

तक्रार नेमकी कोणती

पोरांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: “चमकत नाही.” खोदून विचारलं की त्यातून वेगवेगळे आजार निघतात.

- टेम्पोवाला म्हणतो “दिसलाच नाही”, पण त्याच रात्रीच्या मोबाइल फोटोत पट्ट्या पांढऱ्याफेक आहेत.
- फ्लॅश मारलेल्या फोटोतही पट्टी राखाडीच दिसते.
- पट्टी बरी आहे, पण कापडाचा रंग उडालाय. पोपटी होतं ते फिक्कट लिंबू झालंय.
- कोरडं असताना चमकतं, पाऊस लागला की विझतं.
- समोरून दिसतं, बाजूने किंवा वाकल्यावर गायब.

पहिली तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि तिच्यात बहुतेक वेळा जॅकेटचा काही दोष नसतो.

आधी ‘रेडियम’ डोक्यातून काढा

या पट्टीत रेडियम नसतं. ती स्वतःहून उजळत नाही, उजेड साठवूनही ठेवत नाही. तिच्यावर काचेचे अतिशय बारीक मणी बसवलेले असतात आणि त्यांच्या मागे अॅल्युमिनियमचा चकचकीत थर असतो. मणी उजेड आत घेतात, मागच्या थरावरून वळवतात आणि जिथून आला तिथेच परत धाडतात. साधा आरसा उजेड भलतीकडे फेकतो, ही पट्टी तो पाठवणाऱ्याला साभार परत करते. म्हणून हेडलाइटच्या जवळ ज्याचे डोळे आहेत त्यालाच ती झगमगताना दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तीच पट्टी मळक्या नाडीसारखी वाटते.

कापडाचं काम वेगळं आहे. पोपटी किंवा नारिंगी फ्लुरोसंट रंग सूर्याच्या अतिनील किरणांचं दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि संधिप्रकाशात तो डोळ्यांत भरतो. रात्री सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली त्याला खायला काही मिळत नाही, तो उपाशीच राहतो. थोडक्यात कापड दिवसपाळीचं, पट्टी रातपाळीची. कोणत्या पाळीत तक्रार आली ते आधी विचारा. अर्धी तपासणी तिथेच होते.

१. टॉर्च कपाळाशी (खर्च शून्य)

अंधारात जॅकेट टांगा. दहा-पंधरा पावलं मागे जा. टॉर्च कानशिलाला टेकवून धरा आणि बघा. आता हात लांब करून टॉर्च अंगापासून दूर न्या. पट्टी मंदावेल. कित्येकजण टॉर्च कमरेशी धरून “गेलंय” असं जाहीर करतात, ते याच कारणाने. टॉर्च नसेल तर मोबाइलने फ्लॅश लावून फोटो काढा. फ्लॅश आणि कॅमेरा शेजारी शेजारी असल्यामुळे फोन हा बरा परीक्षक ठरतो. (आमच्या स्टेज फोटोग्राफरांना विचारा. फ्लॅश मारला की पट्ट्यांनी फोटो जळतो, म्हणून ते पोरांना “दोन मिनिटं जॅकेट काढ ना” म्हणतात. सामानाची चढउतार चालू असेल तर अजिबात काढायचं नाही.)

तुलनेला काहीतरी हवंच. मी प्रत्येक गठ्ठ्यातलं एक कोरं जॅकेट काळ्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवते आणि त्यावर ‘नमुना, वापरू नये’ असं लिहिते. जुनं त्याच्या शेजारी टांगलं की वाद मिटतो. डोळा रोज बघून सवयीचा होतो, नमुन्याला सवय लागत नाही.

टॉर्चला जॅकेट चमकलं आणि तरी साइटवर दिसत नसेल, तर पुढच्या दोन तपासण्या नीट वाचा. नवीन खरेदी इथेच थांबवा.

२. अंगावर काय काय चढलंय (खर्च शून्य)

लोडिंग चालू असताना लांब उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. एकाने जॅकेटवर स्लिंग बॅग अडकवलीय. दुसऱ्याच्या छातीवर वॉकीचा पट्टा, आयडी कार्डाची रुंद रिबन आणि वर केबलचं वेटोळं. तिसऱ्याने उकडतंय म्हणून पुढचं वेल्क्रो सोडलंय, दोन्ही पाखं काखेत गेलीत. चौथा जॅकेट कमरेला बांधून फिरतोय. आणि पावसाळ्यात तर आनंदच: जॅकेट आत, त्यावर काळा रेनकोट.

पावसाळ्यासाठी माझा एकच नियम आहे. रेनकोटच पट्ट्यांचा घ्यायचा, नाहीतर जॅकेट रेनकोटवरून चढेल इतक्या मोठ्या मापाचं ठेवायचं.

उंचावर चढून दिवे-सांगाडे बांधणाऱ्या रिगरचं वेगळं. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा, जॅकेटवरून बांधला की पट्ट्या झाकतात. जॅकेट हार्नेसवरून घातलं की मागची डी-रिंग, म्हणजे सुरक्षेचा दोर अडकवायची कडी, झाकते आणि जॅकेट ताणलं जातं. अशा कामाला पाठीवर डी-रिंगसाठी चीर असलेलं जॅकेट मिळतं, तेच घ्या. स्वतः कात्रीने भोक पाडू नका.

आता लोगो. पाठीवर प्रायोजकाचा भलामोठा काळा-निळा लोगो छापला की तेवढं फ्लुरोसंट कापड मेलं समजा. एकदा आमच्याकडे क्लायंटने छापून दिलेली जॅकेटं आली. पाठीवर पट्ट्यांमध्ये कापड शोधावं लागत होतं. मी ती स्टॉलवरच्या मुलांना दिली आणि रस्त्यालगतच्या पोरांना आमची जुनी. थोडी कुरबूर झाली, झाली तर झाली.

३. उजेड, डोळे आणि टेम्पो (खर्च शून्य, पण डोकं लागतं)

हा मुद्दा मला उशिरा कळला, आणि कळला तो वाईट पद्धतीने. पहाटे तीनच्या सुमाराला एका मैदानाबाहेर टेम्पो रिव्हर्स येत होता. आमचा एक मुलगा मागे ट्रसचा (स्टेजच्या धातूच्या सांगाड्याचा) तुकडा उचलत होता. जॅकेट नवंकोरं, पट्ट्या चकाचक. टेम्पो त्याच्या मांडीला टेकला तेव्हा तो ओरडला आणि चालकाने ब्रेक मारला. नशिबाने नुसतं खरचटलं. चालक शपथेवर सांगत होता की आरशात काहीच दिसलं नाही. पोरं त्याच्या अंगावर धावून गेली. तो खरंच बोलत होता.

पट्टी उजेड जिथून येतो तिथे परत पाठवते. रिव्हर्सचा दिवा गाडीच्या मागे, खाली. चालकाचे डोळे पुढे, केबिनमध्ये. परतलेला उजेड दिव्याकडे गेला, आरशापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचलं नाही. रिव्हर्स येणाऱ्या गाडीसाठी जगातलं सगळ्यात महाग जॅकेटही पुरेसं नाही. तिथे लागतो बाजूला, चालकाला आरशात दिसेल असा उभा राहून इशारे देणारा माणूस, आणि लोडिंगच्या जागेवर नीट उजेड. आम्ही आता लोडिंग पॉइंटवर दोन फ्लडलाइट लावतो, चालकाच्या डोळ्यांवर येणार नाहीत अशा कोनात. इशारेवाला दिसेनासा झाला की चालकाने थांबायचं, हे टेम्पो आत येण्याआधीच सांगितलेलं असतं.

हाच हिशेब पुढून येणाऱ्या गाडीलाही कमीअधिक लागू होतो. कारवाल्याचे डोळे हेडलाइटच्या जरासे वर असतात, ट्रक-बसवाल्याचे बरेच वर. त्यामुळे जवळ आल्यावर तीच पट्टी ट्रकवाल्याला कारवाल्यापेक्षा मंद दिसते. “बसवाल्याला दिसलोच असेन” असं कुणी गृहीत धरू नये. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते, म्हणजे एका मोठ्या बसच्या लांबीहून जास्त.

पार्श्वभूमीही बघा. विसर्जनाच्या मिरवणुकीत भगव्या झेंड्यांच्या आणि फेट्यांच्या गर्दीत नारिंगी जॅकेट विरघळून जातं, तिथे पोपटी बरं. मॅरेथॉनला उलटं: अर्धे धावपटूच पोपटी टीशर्टात, म्हणून तिथे नारिंगी. एलईडी वॉलसमोर किंवा धुराच्या मशीनमध्ये दोन्ही रंग सारखेच निकामी, तिथे माणसाची जागाच बदला.

४. मळ (खर्च: साबणाचं पाणी)

आमच्याकडे मळाचे दोन मोसम. अनंत चतुर्दशीनंतर गुलाल, आणि बाकी वर्षभर ट्रसचं काळं ग्रीस, जनरेटरचा धूर आणि घाम. गुलालाची पूड मण्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. गिरगाव चौपाटीवरून आलेल्या जॅकेटांत वाळू आणि खारट पाणीही असतं. उजेड मण्यापर्यंत पोहोचलाच नाही तर परत कुठून येणार?

मऊ फडकं, कोमट पाणी, सौम्य साबण. पट्टी लांबीच्या दिशेने हलक्या हाताने पुसा, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा, सावलीत वाळवा आणि टॉर्चची तपासणी परत करा. घासणी, ब्रश, तारेचा चोथा अजिबात नको. मणी एकदा खरवडले गेले की परत बसत नाहीत. रॉकेल किंवा थिनर लावून ग्रीस काढायचा मोह होतो. मी एकदा केलंय. ग्रीस निघालं, पट्टीही निघाली.

५. पाऊस

कोरडं चमकतं आणि ओलं विझतं, ही तक्रार जूनमध्ये येते. उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा पापुद्रा बसला की उजेड वळवण्याचं मण्याचं गणित चुकतं, कारण ते हवेसाठी जमवलेलं असतं. वाळल्यावर पट्टी परत जागी होते, म्हणून हा बिघाड म्हणायचा नाही. दरवर्षी पावसातच काम असेल तर पुढच्या खरेदीत चौकटी-चौकटींची, प्लास्टिकचा चकचकीत थर असलेली प्रिझमॅटिक पट्टी मागा. बंद प्रिझमची असल्यामुळे ती ओल्यातही बऱ्यापैकी टिकते. फक्त ती जाड असते, कमी लवचीक असते आणि तिच्यातून वारा जात नाही. मे महिन्यात पोरं शिव्या देतात.

६. धुलाई (इथेच सगळ्यात जास्त जॅकेटं मरतात)

गठ्ठ्यातली सगळी जॅकेटं एकदम मंदावली असतील तर लॉन्ड्रीवाल्याला विचारा. माझ्या अनुभवात दोष चार गोष्टींपैकी एकीत सापडतो.

पहिली गोष्ट ब्लीच. पांढऱ्या टेबलक्लॉथसोबत जॅकेटं टाकली की झालं. फ्लुरोसंट रंग आणि पट्टी दोन्ही जातात.

दुसरी, कपडे मऊ करणारं सुवासिक कंडिशनर. त्याचा थर पट्टीवर राहतो. दुरून काही कळत नाही, टॉर्च मारल्यावर कळतं.

तिसरी इस्त्री. पट्टीवरून गरम इस्त्री फिरली की पट्टी सुरकुतते किंवा कडेने सुटते. जॅकेटला इस्त्री कशाला हवी? पण सवयीने फिरवतातच. गरम ड्रायरचंही तेच.

चौथी आपली स्वतःची चूक: ओली जॅकेटं पिशवीत कोंबून टेम्पोत दोन दिवस ठेवणं. मुंबईच्या दमटपणात बुरशी येते, चिकटवलेल्या पट्टीचा गोंद सुटतो आणि वेल्क्रोत धागे अडकतात. परत आल्यावर कितीही रात्र झालेली असो, दोरीवर टाकूनच झोपायचं.

जॅकेट उलटं करून, वेल्क्रो लावून, लेबलावर दिलेल्या तापमानालाच धुवा. चांगल्या जॅकेटच्या लेबलावर किती वेळा धुतलेलं चालेल तेही छापलेलं असतं, बऱ्याचदा २५. मी आतल्या बाजूला पक्क्या पेनाने प्रत्येक धुण्याला एक रेघ मारते, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. आकडा पूर्ण झाला की टॉर्चखाली कितीही झळको, रस्त्यालगतच्या कामाला ते जॅकेट जात नाही.

७. रंग उडाला का

खिशाची झडप उचला किंवा आतली शिवण उलगडा. तिथला रंग आणि खांद्यावरचा रंग दिवसाउजेडी शेजारी धरा. फरक डोळ्यात भरला तर ऊन लागून कापड संपलंय. यावर उपाय नाही, पुन्हा रंगवून काही होत नाही. असं जॅकेट फक्त रात्रपाळीला, तेही पट्टी चांगली असेल तरच. गोडाऊनच्या पत्र्याखाली खिडकीजवळ जॅकेटं टांगू नका, न वापरताही रंग जातो.

८. मुळात ते खरं होतं का (खर्च: शिंप्याची टेप)

इतकं करून पट्टी राखाडीच राहिली तर खरेदीकडे वळा. स्वस्त जॅकेटांत काही वेळा पट्टीच्या जागी नुसता चंदेरी छापा असतो. दिवसा फरक कळत नाही. दुकानातच मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढा, दुकानदाराला राग आला तरी.

लेबल वाचा. भारतीय मानक आयएस १५८०९, युरोपातलं ईएन आयएसओ २०४७१. युरोपीय मानकात तीन वर्ग आहेत. रस्त्यालगत काम करणाऱ्यांना मी किमान दुसरा वर्ग देते: फ्लुरोसंट कापड ०.५० चौरस मीटर, परावर्तक पट्टी ०.१३ चौरस मीटर, पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर. हिशेब सोपा आहे. ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी एकूण २.६ मीटर भरली पाहिजे. टेप लावा आणि पुढची, मागची, खांद्यावरची सगळी लांबी जोडा. बाजारात इंचभर रुंदीच्या पट्टीची जॅकेटं ढिगाने मिळतात, ती या हिशेबात निम्म्यावरच गळतात.

बाजूने दिसत नसेल तर कमरेची पट्टी पूर्ण गोल फिरते की काखेखाली तुटते ते बघा. वाकून काम करणाऱ्यांना मी मनगटावर आणि घोट्यावर पट्ट्याही देते. हलणाऱ्या सांध्यांवर चमक असली की चालकाला तो खांब नसून माणूस आहे हे लवकर कळतं.

९. पट्टी बदलणं, वेल्क्रो शिवणं

सुटी पट्टी मिळते, शिंपी ती शिवूनही देतो. गोडाऊनच्या आतल्या कामासाठी ठीक आहे. पण अशा जॅकेटला मूळ लेबलाचा वर्ग लागू राहत नाही, म्हणून रस्त्यावर ते पाठवायचं नाही.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. बाजूचं वेल्क्रो सारखं सुटतं म्हणून आमच्या शिंप्याने एकदा वीस जॅकेटं कडेने पक्की शिवून टाकली. काम सुबक, पण ते सगळं उसवायला लावलं. जॅकेट फिरत्या पट्ट्यात, विंचच्या साखळीत किंवा गाडीच्या हुकात अडकलं तर ते फाटकन सुटावं, म्हणून ते वेल्क्रो तिथे असतं. झिजलं असेल तर नवं वेल्क्रो लावा.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

वाहती रहदारी असलेल्या रस्त्यावर उभं राहून काम करायचं असेल तर जॅकेटच्या भरवशावर जाऊ नका. वाहतूक पोलिसांची परवानगी, बॅरिकेड आणि त्यांचा माणूस, हे तिन्ही नसेल तर काम सुरू करायचं नाही. क्लायंट कितीही घाई करो. “फक्त पाच मिनिटं, एक बॅनर बांधायचाय” हे वाक्य मी सगळ्यात जास्त घाबरून ऐकते.

वेल्डिंग, ग्राइंडर किंवा आतषबाजीजवळ साधं पॉलिएस्टर जॅकेट घालू नका. ठिणगी लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. तिथे ज्वालारोधक कपडे कोणते लागतील ते सेफ्टी ऑफिसरने ठरवायचं, माझ्यासारखीने नाही.

हार्नेसची शिवण, डी-रिंग किंवा दोर याबद्दल जरा जरी शंका आली तरी पट्टीचा विषय बाजूला ठेवा आणि उंचीवरच्या कामाच्या प्रशिक्षित माणसाकडून तपासून घ्या. तोवर कुणी वर चढायचं नाही.

एकाच जागी दोनदा “दिसलाच नाही” झालं तर जॅकेटं तपासण्यात वेळ घालवू नका. गाड्यांचा मार्ग, उजेड आणि माणसांच्या वाटा कुठे एकमेकांना छेदतात ते सेफ्टी ऑफिसरला साइटवर आणून दाखवा. आमच्या त्या मैदानाबाहेर शेवटी टेम्पोची वाटच बदलली. एका फाटकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर, रिव्हर्स बंद.

आणि मोठ्या ऑर्डरला पुरवठादार प्रमाणपत्राची नुसती धूसर फोटोकॉपी देत असेल, तर एक जॅकेट मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळेला पाठवा. घरच्या टॉर्चने नवं-जुनं कळतं, पट्टी मानकात बसते का ते कळत नाही.

बाद जॅकेट सरळ कचऱ्यात टाकू नका. मी एकदा टाकलं आणि महिन्याभराने तेच जॅकेट पार्किंगवर गाड्या लावणाऱ्या पोराच्या अंगात दिसलं. आता पाठीवर उभी कात्री चालवते, मगच टाकते.